लिंबाच्या वासाचं मॉस

कॅन्सरवरचं औषध आपल्या घराच्या मागच्या भिंतीवर उगवलंय, याबद्दल आमच्या संशोधकाला तिळमात्र शंका नव्हती! बाकीचे शास्त्रज्ञ जंगलं पालथी घालतात. हा पठ्ठ्या गळक्या पाइपाखाली चमचा घेऊन बसायचा.

"शेवाळ कसलं खरवडतोस?" आत्या विचारायची. त्याला लहानाचं मोठं तिनेच केलं होतं.

"शेवाळ नाही गं, मॉस! याला ना साल, ना काटे. बुरशी-किड्यांपासून वाचायला ते अंगातच जहाल रसायनं बनवतं. त्यातलं एखादं कॅन्सरच्या पेशींना आवरेल."

"ज्याच्यावरून माणूस घसरतो ते शेवाळ!" आत्याने निकाल दिला.

पण या वेळी घसरून चालणार नव्हतं. शुक्रवारी समिती येणार होती. दाखवायला काही नसलं तर प्रकल्प बंद आणि प्रयोगशाळेतलं त्याचं टेबल शेजारी अळंबीवर संशोधन करणाऱ्याला! त्या अळंबीवाल्याने तर ते टेपने मोजूनही घेतलं होतं.

मॉसचं दुखणं असं की त्यात माती, किडे, काटक्या फार. प्रत्येक झुपका चिमट्याने निवडावा लागतो. रविवारी तो परातभर मॉस जेवणाच्या टेबलावर घेऊन बसला आणि तिथेच त्याचा डोळा लागला. उठून बघतो तर सगळं मॉस स्वच्छ, टॉवेलवर पसरलेलं! निवडण्या-धुण्यात आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"आत्या, तू नसतीस तर माझं काय झालं असतं!" तो गहिवरून म्हणाला. कशाने धुतलं, हे मात्र त्याने विचारलं नाही.

मग ते वाळलं, कुटलं, त्याचा अर्क निघाला. गुरुवारी त्याने तो कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या बशीत टाकला. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहतो तर काय! एक पेशी शिल्लक नाही! सगळा सुपडा साफ!

"साहेब! मेल्या! सगळ्या मेल्या!" तो कॉरिडॉरमधून ओरडत सुटला. घाबरून दोघं जिन्याकडे पळाले.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी अर्काची बाटली हुंगली. "अहाहा! लिंबासारखा वास! सुगंधी द्रव्य दिसतंय. नवीनच!"

"नवीनच!" संशोधक म्हणाला. निरोगी पेशी वाचतात ना, हे बघायला त्यांच्यावरही अर्क टाकायचा असतो, पण ते त्याने पुढच्या आठवड्यावर ढकललं. यशाच्या तोंडावर अशी किरकिर कोण करतो?

शुक्रवारी समिती बसली. अध्यक्षबाई इतक्या करारी की त्यांच्यासमोर पंखासुद्धा हळू फिरायचा. पण मेलेल्या पेशींचे फोटो पाहून त्याही पुढे सरकल्या. "विलक्षण! मुदतवाढ द्यायलाच हवी."

तेवढ्यात अळंबीवाल्याच्या हातून चहा सांडला. मत्सर, दुसरं काय! शिपाई बादली आणि पोछा घेऊन आला, फरशी पुसू लागला आणि खोलीभर लिंबाचा घमघमाट सुटला.

"वा!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाटली बंद असूनही केवढा दरवळ!"

सगळ्यांनी कौतुकाने बाटलीकडे पाहिलं. संशोधकाने मात्र पोछ्याकडे पाहिलं आणि त्याच्या पायाखालची फरशी सरकली. ओलीच होती म्हणा!

गप्प बसला असता तर टेबल वाचलं असतं. गप्प बसावंसं त्याला फार, फार वाटलं. पण ज्याला औषध हवंय त्याला आपण फरशीचं लिक्विड पाजणार? त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"बाई, एक फोन करू का?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. "आत्या, ते मॉस कशाने धुतलंस?"

"फरशीच्या लिक्विडने! अरे, किती घाण होती त्यात! नुसत्या पाण्याने निघतेय होय? चांगलं भिजत घातलं. का रे?"

अळंबीवाल्याचा हात नकळत खिशातल्या टेपकडे गेला.

"निकाल खोटा आहे," संशोधक कसाबसा म्हणाला. "माझाच हलगर्जीपणा. मॉसमध्ये खरंच काही आहे का, ते मला अजून माहीत नाही."

अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "स्वतःचा निकाल स्वतःच खोडून काढणारा माणूस या खोलीत प्रथमच पाहतेय. सहा महिने घ्या. मॉस फक्त पाण्याने धुवायचं. आणि निरोगी पेशी आधी!"

संशोधकाचे डोळे भरून आले. तो आभार मानणार, तोच बाई फोनवर वाकल्या.

"ताई, आमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीचे तेलकट डाग काही केल्या जात नाहीत हो. तुमच्या लिक्विडचं नाव काय?"

आत्याने नाव सांगितलं. सकाळपासून हाताची घडी घालून बसलेल्या समितीने एकदम पेनं उघडली, आणि आमच्या संशोधकाच्या सादरीकरणातला एक शब्द पहिल्यांदाच कुणीतरी टिपून घेतला.