दिघेकाकांची पाणबुडी

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टचं दार बंद झालं, की शेजारचे दिघेकाका खणखणीत आवाजात हुकूम सोडत, "डाइव्ह!" बाराव्या मजल्यावरून लिफ्ट खाली निघे. भाजीची पिशवी घेऊन उभी असलेली चिनी आंटी दचकली, तर ओठांवर बोट ठेवून म्हणत, "सायलेन्स, मॅडम! एनिमी अबव्ह!" वर शत्रू नव्हता. तेराव्या मजल्यावरचं एक गरीब तमिळ कुटुंब होतं.

काका आपल्या नौदलात पाणबुडीवर एंजिनिअर होते. निवृत्तीनंतर, नव्वदच्या दशकात, इथल्या एका जहाजदुरुस्ती यार्डात लागले. ज्या जहाजांवर पोट चाले, त्यांनाच शिव्या घालत. "जहाजं कसली? बदकं! नुसती तरंगतात!"

त्यांची पाणबुडी रशियाकडून घेतलेली, डिझेल आणि बॅटरीवर चालणारी, आपल्या अगदी पहिल्या पाणबुड्यांपैकी. विषय कुठलाही काढा, काका तिच्यापाशीच पोचत. माझी बायको एकदा म्हणाली, "एमआरटीच्या गाडीला काय गर्दी हो आज!"

"गर्दी?" काका सरसावलेच. "आमच्या बोटीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागायचं!"

गणपतीत मंडळाने त्यांना 'पाच मिनिटं बोला' म्हणण्याची चूक केली. सुएझ बंद असल्याने बोट आफ्रिकेला वळसा घालून आणली होती. काकांनी तो वळसा आम्हालाही घालायला लावला. केप ऑफ गुड होप येईपर्यंत मोदक संपले. एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं तेव्हा हॉलमध्ये गणपती आणि मी, दोघंच उरलो होतो. त्याला उठता येत नव्हतं आणि मला सतरंज्या गोळा करायच्या होत्या.

"मग काका, युद्धात किती जहाजं बुडवलीत?" मी खवचटपणे विचारलं.

"एकही नाही."

"मग केलंत काय?"

"वाट पाहिली!" छाती फुगवून म्हणाले.

"ती तर आम्ही एम्प्लॉयमेंट पासच्या रांगेतही पाहतो."

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या आयुष्यातले फार शांत दिवस होते ते.

पुढे एका रविवारी दुपारी माझी बायको म्हणाली, "काकांना विशाखापट्टणमहून फोन आला होता. त्यांची बोट सेवेतून काढली म्हणे. भंगारात जाणार. जाऊन या जरा." मी शिऱ्याचा डबा घेऊन गेलो. मोठं भाषण ऐकायची मनाची तयारी केली होती, पण काका काहीच बोलेनात. ती शांतता मला सोसेना.

"काका, खरं सांगा," मी म्हणालो, "बोटीच्या त्या डब्यात आवडण्यासारखं होतं काय? आंघोळ नाही, उजेड नाही, कपड्यांना डिझेलचा वास."

ते म्हणाले, "माणसं जास्त आणि खाटा कमी होत्या रे. एक जण उठून ड्यूटीवर गेला, की दुसरा त्याच खाटेवर आडवा व्हायचा. माझ्याआधी एक मल्याळी पोरगा झोपायचा. घामट, घोरणारा. मी रोज शिव्या द्यायचो त्याला."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"पण अंथरूण कधी गार लागलं नाही. सुट्टीवर घरी आलो, की तुझ्या काकू असायच्या." त्यांनी झोपायच्या खोलीकडे पाहिलं. काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. "आता रोज गारच लागतं बघ. या उकाड्याच्या सिंगापुरात!"

"चहा टाकतो," म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच बराच वेळ साखर शोधत राहिलो.