आबांची राखण

आमच्या केडगावच्या घराशेजारून दिवसातून बऱ्याच वेळा "हाऽऽ हुर्रर्र!" अशी आरोळी येते. नवखा माणूस दचकून वर बघतो, आभाळात थवा शोधतो. थवा नसतो. आबा कॉम्प्युटर राखत असतात.

मुलांनो, मागे एकदा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या मागे कोण ओरडतंय?" तेव्हा मी "शेजारचे आबा" एवढंच म्हटलं, कारण आबा दोन वाक्यांत मावणारे नाहीत. आता नीट सांगते.

आबा मूळचे पुणतांब्याचे. गोदावरीकाठची त्यांची शेती आता पुतण्या बघतो. मुलाने इथे घर बांधलं, आबांना आणलं, आणि पुढे नोकरीसाठी बायको-मुलीला घेऊन तो जर्मनीला गेला. घर सांभाळायला आबा राहिले. आबांशी बोलायला कॉम्प्युटर राहिला. दर रविवारी त्याच्यावर मुलाचा फोन येतो, तोंडं दिसतात. आबांच्या खिशातला फोन साधा, बटणांचा. त्यात जर्मनी दिसत नाही.

जोंधळा दाण्यावर आला की माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि पाखरं हाकलायची, हे आबांनी लहानपणापासून केलेलं. पडद्याच्या कोपऱ्यातून भसकन वर येणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या त्यांना तशाच वाटतात. "बघा बाई, एक उडवलं की चार बसत्यात." खिडकीची फुली दाबताना "हुर्र" म्हणावंच लागतं, नाहीतर ती परत येते, असा त्यांचा अनुभव आहे.

"म्हटलं तरी परत येते की," मी एकदा म्हणाले.

"येती. पर उशिरा."

पडद्याशेजारी त्यांनी चुन्याने डोळे काढलेलं काळं मडकं उपडं ठेवलंय. बुजगावणं. कॅमेऱ्याच्या भोकावर एक लाल टिकली चिकटवलीय, म्हणजे कोणी चोरून बघू नये. टिकली नातीची, मुक्ताची. जाताना आरशावर राहून गेलेली. रविवारी फोन आला की ती काढून मडक्याच्या कपाळाला लावतात. बोलणं संपलं की परत कॅमेऱ्यावर.

माझं काम इंग्रजी वाचायचं. "बाई, ह्ये काय म्हनतंय?" मी चष्मा लावून सांगते, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू सापडलेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असं म्हणतंय."

"आमच्या घरात काय सापडलं ते ह्याला कुनी सांगितलं? कोन कुठला हा?" फोन त्यांनी कधीच केला नाही. एकदा लॉटरी लागल्याची खिडकी आली. "तिकीट न काढता लागली? मंग तिकीट काढणाऱ्यानं काय करायचं?" हुर्र.

गेल्या महिन्यात मात्र टोळधाडच आली. रविवारी मुलाचा फोन वाजायला लागला आणि फोन उचलायचं हिरवं बटण जाहिरातींखाली गाडलं गेलं. आबा एकेक खिडकी उडवत होते आणि फोन वाजत होता. शेवटची उडाली तेव्हा वाजायचा थांबला होता. त्या दिवशी भिंतीपलीकडून एकही आरोळी आली नाही.

मी दुरुस्तीच्या दुकानातून माणूस बोलावला. त्याने थोडा वेळ खटपट करून मान हलवली. "आबा, याच्यात आता राम नाही. सगळं पुसून नव्यानं टाकतो. संध्याकाळपर्यंत पाटी कोरी."

आबा उठून कॉम्प्युटरच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले. "पुसायचं न्हाई."

"अहो, फोटो बाजूला काढून ठेवतो."

"फोटूचं कोन म्हनतंय?"

"मग कशाचं?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

माणसाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तरी समजवा." मी सांगून पाहिलं. "आबा, येत्या रविवारीही फोन उचलता आला नाही तर?" आबा मधून हलले नाहीत. तो माणूस पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मीच चष्मा घेऊन जाऊन बसले. पुसायचं नाही तर मग ही पाखरं येतात कुठून ते बघू. आबांनी नेहमीसारखे कांद्याचे भाव उघडले. वर एक छोटी चौकट आली. मी वाचायच्या आत आबांनी तिच्यातलं निळं बटण दाबलं.

"अहो, हे काय केलंत?"

"या म्हनलं."

"कोणाला?"

"मुक्तानं सांगितलं हुतं. ही चौकट इचारती, मी अधूनमधून तुमच्याकडं येऊ का. निळं म्हंजे या, पांढरं म्हंजे नगं."

"आणि मुक्ताने कुठलं दाबायला सांगितलं होतं?"

"पांढरं." आबा ओशाळले. "पर बाई, दारात उभा ऱ्हाऊन येऊ का म्हनतोय, त्याला जा म्हनायचं? न इचारता येतं ते पाखरू. इचारून येतो तो पाव्हना."

मी त्यांना सावकाश समजावलं, की हाच पाहुणा उंबरा ओलांडला की मागून थवा आत सोडतो. आबांनी मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे समदी म्याच बोलावली व्हय?"

मग एकेकाला दिलेली परवानगी आम्ही काढून घेत बसलो. मी नाव वाचायची, आबा बटण दाबायचे आणि म्हणायचे, "राग मानू नका. या आता." लॉटरीवाल्यालासुद्धा म्हणाले. दुपार होईतो पडदा शेतासारखा मोकळा झाला. रविवारचा फोन आता उचलता येणार होता, आणि काही पुसावं लागलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आणखी एक खिडकी वर आली. माझा हात सवयीने माऊसकडे गेला.

"बाई, ती न्हाई!"

इतक्या वर्षांत आबा माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मी वाचलं. मराठीत होतं.

'आबा, जेवलात का?'

"राखणीच्या नादात जेवायचं ऱ्हातं माझं," आबा हळू आवाजात म्हणाले. "जायच्या आदल्या दिशी मुक्ता लावून गेली. रोज ह्या वक्ताला इचारती. पुसलं असतं तर ही बी गेली असती."

"एवढंच ना आबा? मी परत लिहून दिलं असतं."

"मंग ते तुमी इचारल्यासारखं झालं."

"नाहीतर मुक्तालाच सांगायचं. लावून देईल परत."

"मागून घेतलेली इचारपूस ती कसली, बाई?"

खिडकीत दोन बटणं होती: 'बंद करा' आणि 'थोड्या वेळाने पुन्हा'. आबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बसतोच गं माय," आणि दुसरं बटण दाबलं.

"अहो, पहिलं दाबायचं. अशाने ती परत येईल."

"यिऊ द्या की."

आत जाऊन त्यांनी भाकरी, पिठलं आणि ठेचा आणला. ताटं दोन होती. मी उठायला लागले.

"बसा. पुन्यांदा इचारील आता."

मी बसले. मडकं डोळे वटारून पडद्याकडे बघत होतं. आमचं अर्धं जेवण झालं आणि कोपऱ्यातून खिडकी वर आली.

"जेवतोय गं," आबा घास हातात धरून म्हणाले. "आज बाई बी हायेत." आणि डाव्या हाताने तेच बटण पुन्हा दाबलं.