पोर रुळली

सहा वर्षांची ती मुलगी एके दिवशी बूट काढून झोपली, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

शिवणकाम करणाऱ्या आणि निराधार मुलं तात्पुरती सांभाळणाऱ्या एका मावशीकडे ती आली तेव्हा बुटांसकट झोपायची. बालसंगोपन कार्यालयाने तिला आधीच्या घरांतून असं धावतपळत हलवलं होतं, की एकदा तिचे बूट मागेच राहिले. तेव्हापासून पोरीने नवे बूट पायातून काढलेच नव्हते. जरा मनाविरुद्ध झालं की ताटली भिरकावायची, कडकडून चावायची. मावशी ना रागावली, ना तिने उपदेश केला. ती नुसती रोज सकाळी तिथेच असायची, मशीनपाशी. हळूहळू चावणं थांबलं. मग बूटही निघाले.

मावशीला कोण आनंद! तो तिने पोटात ठेवायला हवा होता. पण भेटीला आलेल्या कार्यालयाच्या मॅडमना तिने तो कौतुकाने सांगून टाकला.

"म्हणजे रुळली," मॅडम म्हणाल्या. "छान. आता पुढच्या घरी हलवू."

"अहो, रुळली म्हणून हलवायचं?"

"मग न रुळलेलीला हलवायचं का? तुमचं घर रुळवण्यापुरतं आहे, मावशी. इथे आता दुसरं एखादं चावरं मूल ठेवू."

"पण सांभाळणाऱ्यांच्या शिबिरात तुम्हीच म्हणालात, सारखं घर बदललं की मेंदूची वाढ खुंटते, पोराला स्वतःला आवरता येत नाही."

"अगदी बरोबर. मेंदूला स्थैर्य लागतंच. म्हणून तर आम्ही ते प्रत्येक घरी थोडं थोडं देतो."

मावशीने हात जोडले. "हिला माझ्याकडेच राहू द्या हो. कायमची."

"बघा, गुंतलात. शिबिरात तेही सांगितलं होतं. जीव लावा, पण गुंतू नका."

पोर दाराआडून ऐकत होती. ती आली, स्टुलावर बसली, बूट चढवले आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारली. रडली नाही, चावली नाही. मावशीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"पाहिलंत?" मॅडम भारावून गेल्या. "केवढा हा संयम. आमच्या योजनेचं फळ आहे हे."

मावशीने मात्र हंबरडा फोडला. तिचा स्वतःवर ताबा नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढचं मूल मिळण्याआधी तिला संयमाचं शिबिर करायचं आहे.

नव्या घरी पोरीचं फार कौतुक होतं. हूं नाही की चूं नाही, किती शहाणी, असं येणारेजाणारे म्हणतात. आपण गेलो असतो तर आपणही तेच म्हटलं असतं, वर घरी येऊन आपल्या कार्ट्याला तिचं उदाहरण दिलं असतं. ती झोपल्यावर पांघरूण पायाकडून उचलून बघावं, हे काही आपल्याला सुचलं नसतं.