काढलेलं आणि ठेवलेलं

सकाळी सात वाजता ‘गप्पा अर्थतज्ज्ञांशी’ हा कार्यक्रम रेडिओवर सुरू झाला आणि एका नामवंत अर्थतज्ज्ञांनी पहिली दोन मिनिटं नुसता घसा खाकरला.

दात घासता घासता कातरीनं ते ऐकलं आणि टूथपेस्टचा फेस गिळला. कातरी हे त्याचं केंद्रावरचं नाव. मुलाखतीतला खोकला, खुर्चीची करकर, ‘अं... म्हणजे’ आणि आतून आलेल्या हाका कापून टाकणं हे त्याचं काम. कापलेले तुकडे तो प्रसारण होईपर्यंत एका फाइलीत सांभाळून ठेवायचा. न जाणो, एखादा ‘नाही’ चुकून कापला गेला असला तर सगळं धोरणच उलटं व्हायचं. त्या फाइलीला त्यानं नाव दिलं होतं ‘काढलेलं’, आणि चांगल्या, स्वच्छ मुलाखतीला ‘ठेवलेलं’.

“माझं काय चुकलं ते सांग,” केंद्रावर पोचल्यावर त्याला प्रक्षेपण खोलीतले काका म्हणाले; ‘काढलेलं’ त्यांनीच लावलं होतं. “कुठे जायचं असलं की आपण कपडे काढतो ना कपाटातून? ते घालायलाच ना? काढलेलं म्हणजे आजचं. ठेवलेलं म्हणजे ठेवणीतलं. पुढेमागे कधीतरी.”

कातरीनं बराच विचार केला. त्याला यात चूक सापडेना.

मुलाखत त्या अर्थतज्ज्ञ सरांच्या घरी घेतली होती. त्यामुळे व्याजदर, मागणी आणि वित्तीय तूट यांच्याऐवजी श्रोत्यांना सत्तावीस मिनिटं हे ऐकावं लागलं :

“अहो, गोळी घेतलीत का?”

“अं...”

“एकदम नका घेऊ. अर्धी अर्धी करून घ्या.”

खुर्चीची करकर.

“आणि ते दार लावा आधी. बाहेरचं सगळं घरात येतंय.”

“म्हणजे...”

“म्हणजे काय म्हणजे!”

दुपारपर्यंत वार्ताहरांनी याचा अर्थ लावला. गोळी म्हणजे व्याजदरकपात, ती दोन टप्प्यांत द्यावी. दार म्हणजे आयात. आता दार उघडं ठेवा, या एका विषयावर सरांची चार पुस्तकं होती. त्यामुळे ‘ज्येष्ठ अर्थतज्ज्ञांची कोलांटउडी’ अशी बातमी झाली आणि आयातदारांच्या संघटनेनं निषेधाचा ठराव केला. एका श्रोत्यानं मात्र कळवलं, “अर्थशास्त्र पहिल्यांदाच समजलं. बाई फार मुद्द्याचं बोलतात.”

केंद्रावरच्या मॅडमनी कातरीला बोलावलं.

“कायम व्हायला किती दिवस राहिलेत तुझे?”

“नऊ.”

“सरांकडून लिहून आण, तक्रार नाही म्हणून. आजच्या आज. नाहीतर तू काढलेला.”

“कुठल्या अर्थानं, मॅडम?”

“निघ!”

सरांच्या घराचं दार सताड उघडं होतं. सर बैठकीच्या खोलीत बसले होते. टेबलावर फोन वाजत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते.

“सर, चूक माझी आहे,” कातरीनं पाठ केलेलं म्हणून टाकलं. “काकूंचीही माफी मागायची होती. आहेत का?”

“नाही.”

“कधी येतील?”

सरांनी सवयीप्रमाणे प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला. “तसं मानायला आधार नाही,” ते म्हणाले. “गेली ती. अकरा दिवस झाले.”

कातरी उभा होता तो बसला. मग बसणं बरं दिसेना म्हणून पुन्हा उभा राहिला.

“सगळे विचारतायत, तुम्ही असं कसं बोललात,” सर म्हणाले. “मी काय बोललोय ते मलाच माहीत नाही. ऐकवा बघू.”

कातरीनं खाली मान घालून मोबाइलवर ते लावलं. सत्तावीस मिनिटं दोघंही हलले नाहीत.

“यात माझा एकही मुद्दा नाही,” शेवटी सर म्हणाले.

“मुद्दे सगळे दुसऱ्या फाइलीत आहेत, सर. अगदी नीट ठेवलेत.”

“ते राहू द्या. हे परत लावा.”

कातरीनं परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला गोळीची चौकशी झाली तेव्हा सर हळूच म्हणाले, “घेतली गं.”

मग त्यांनी कातरीला विचारलं, “हे पुसणार होतात?”

“आज संध्याकाळी. नियम आहे, सर.”

“आमच्यातही आहे,” सर म्हणाले. “समीकरणात बसत नाही ते बाहेर काढायचं. उरतं ते फार सुबक दिसतं.”

कातरीनं ती फाइल सरांच्या फोनवर पाठवली. सरांनी कागद ओढला आणि लिहिलं : ‘माझी तक्रार नाही. प्रसारित झालेली मतं माझ्या पत्नीची आहेत. मी चाळीस वर्षं त्यांच्याशी असहमत होतो. सध्या फेरविचार सुरू आहे.’

मॅडमनी ते वाचलं आणि खूश झाल्या. “अरे, मग त्यांचीच मुलाखत घेऊ की! तारीख घे.”

“त्या गेल्या, मॅडम.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “मग सरांनाच विचार. पत्नीबद्दल बोलतील का. येत्या गुरुवारी.”

कातरीनं फोन लावला.

“गुरुवारी? सकाळी?” सर म्हणाले. “थांबा हं, हिला विचारून सांगतो.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चपला आत गेल्या. कुठेतरी आत थांबल्या. कातरीच्या कामात चार सेकंदांवरची शांतता कापून टाकतात. त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं चपला परत आल्या, अगदी सावकाश.

“गुरुवार चालेल,” सर म्हणाले.