वादळ्याचा खुराक

कंपनीच्या आरोग्य शिबिरात जनार्दनच्या रक्तात प्रोटीन कमी निघालं आणि त्याला असा धक्का बसला, जो आधी आयुष्यात एकदाच बसला होता. स्वतःच्या लग्नात उखाणा घेताना बायकोचं नाव विसरला होता तेव्हा.

"रोज दोन उकडलेली अंडी खा," डॉक्टर म्हणाले.

जनार्दन खुर्चीतून उठलाच. अंबाजोगाईच्या त्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नव्हतं. (आठव्या पिढीचं ठाऊक नव्हतं, पण खात्री होती.) ही गोष्ट त्याने कँटीनमध्ये सांगितली, ती नेमकी सौरभसमोर. सौरभ त्याच्याच टीममधला, रोज जिमला जाणारा आणि आडवं बोलणारा.

"सर, वरणभातावर बॉडी चालत नाही. शेवटी अंड्यावरच याल."

"दोन महिन्यांत अंड्याशिवाय प्रोटीन वाढवून दाखवतो!" जनार्दन टेबलावर हात आपटून म्हणाला. "नाही वाढलं तर इथेच, सगळ्यांसमोर अंडं खाईन. आणि वाढलं तर तू अख्खा श्रावण पाळायचास."

पैज लागली. सात पिढ्यांची अब्रू त्या टेबलावर येऊन पडली.

घरी बायकोने, कल्पनाने, कंबर कसली. मूग, मटकी, हरभरे, राजमा, सोयाबीन, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांत प्रोटीनचं काय झालं ते कळलं नाही, पण मीटिंगमध्ये जनार्दनच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या.

"जरा कडधान्य कमी कर," तो काकुळतीने म्हणाला.

"मग काय खाणार? माझं डोकं?"

"त्यात प्रोटीन किती असतं?" जनार्दनने भाबडेपणाने विचारलं. पुढचे दोन दिवस त्याला डबा मिळाला नाही.

अशा उपाशी अवस्थेत तो गॅलरीत उभा असताना त्याला साक्षात्कार झाला. घोटावडे गावात तो हैबतरावांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता आणि खाली अंगणात हैबतरावांचा शर्यतीचा बैल बांधलेला असे. नाव वादळ्या. वशिंड डोंगराएवढं आणि पाठ अशी तुकतुकीत, की माशी बसली तर घसरावी. त्याच्यासाठी हैबतरावांच्या मंडळी तुळजाबाई घमेलंभर गोळे वळत होत्या.

एवढं मोठं जनावर, आणि जन्माचं शाकाहारी! जनार्दन दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आला.

"मावशी, यात काय काय असतं?"

"कनीक, उडदाचं पीठ, खारीक, खोबरं, गूळ, तूप, आनि..."

"बस्स! बस्स!" जनार्दनला पुढचं ऐकवेना, इतका आनंद झाला. "जे वादळ्याला तेच मला रोज द्या. मी सामानाचे पैसे देतो."

तुळजाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "त्येच? बदल न्हाई करायचा?"

"तसूभरही नाही!"

"बरं. तुमचं तव्यावर भाजून देते. कच्चं सोसायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याला चार गोळे येऊ लागले. काय ते गोळे! खुसखुशीत, तरी आतून लोण्यासारखे मऊ. एवढे मऊ कसे, असं कल्पनाने विचारलंसुद्धा. "मळणारीचा हात," जनार्दन भरल्या तोंडाने म्हणाला. महिन्याभरात चाराचे सहा झाले. शर्टाची बटणं ताणली. भरलेला गॅस सिलिंडर त्याने एका हाताने वर आणला. (दुसऱ्या दिवशी रजा घ्यावी लागली, पण आणला.)

पैजेचे दोन महिने संपले आणि रिपोर्ट आला. प्रोटीन अगदी ठणठणीत! जनार्दनने कँटीनमध्ये खुर्चीवर उभं राहून शाकाहारावर भाषण ठोकलं. सौरभचं तोंड एवढंसं झालं.

"सर, मानलं. पण तो खुराक एकदा बघायचाय."

रविवारी सौरभ घोटावड्याला आला. जनार्दन त्याला आणि कल्पनाला घेऊन विजयी चालीने अंगणात उतरला. तुळजाबाई पिठाच्या घमेल्यापुढे बसल्या होत्या. शेजारी अंड्यांची टोपली. त्या घमेल्याच्या काठावर एकेक अंडं टकाटक फोडून पिठात सोडत होत्या.

जनार्दनच्या पायांखालची जमीन सरकली. तोंड उघडं पडलं ते मिटेना.

"मावशी... हे... हे कुणासाठी?"

"वादळ्यासाठी. आनि तुमच्यासाठी. गावठी हायेत, घरच्या कोंबड्यांची."

"रोज घालता?"

"रोज. तुमी सहा गोळं मागाया लागल्यापास्नं दोन कोंबड्या वाढवल्या."

सौरभ भिंतीला टेकून हसायला लागला. "सर, पैज हरलात, तीसुद्धा दीड महिना, रोज नाश्त्याला!"

कल्पनाकडे बघायची जनार्दनची छाती झाली नाही. सात पिढ्या रांगेने उभ्या राहून आपल्याकडे बघताहेत असं त्याला वाटलं. खरोखर रडू यायला लागलं.

"अहो, पण मला सांगायचं तरी!"

"सांगतच व्हते की. तुमीच बस्स बस्स केलं."

"पण मावशी," तो कळवळून ओरडला, "बैल शाकाहारी असतो हो!"

"मग? न्हाई कोन म्हनतंय?" गोठ्यातून हैबतराव हात पुसत बाहेर आले. "शाकाहारीच हाय त्यो. अंड्याचा वास आला की दात आवळून बसतोय. चौघांनी धरावं लागतं, तवा कुटं एक गोळा नरड्यात जातोय. आजवर कदी राजीखुशीनं खाल्ला न्हाई." ते थांबले आणि कौतुकाने जनार्दनकडे बघत म्हणाले, "बोटं चाटून, मागून घेऊन खानारं ह्या अंगनात तुमी येकलंच, सायेब."

कल्पनाने ओढणी डोक्यावर घेतली, ती पुढे झाली आणि वादळ्याच्या पाया पडली.