काचेवरची शेती

आसेगावात लोक शेजाऱ्याकडे विरजण मागायला जात. किसनदादा तायडे पू मागायला येत.

कुणाला गळू झालं, कुणाची जखम चिघळली, की दादा दारात हजर. हातात उकळून घेतलेली बाटली, टोकाला कापूस गुंडाळलेली काडी आणि चेहऱ्यावर लग्नाची पत्रिका द्यायला आल्याचा आनंद. "जय भीम, बाई. थोडासा पू द्या. चमचाभर नाइ लागत, काडीले लागला तं पुरे." घरात नवी सून असली की किंचाळून आत पळायची. जुनी माणसं सवयीनं पाय पुढं करायची.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि दादा माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. नागपूरला एका मोठ्या दवाखान्याच्या तपासणीखोलीत त्यांनी तीस वर्षं काचेच्या बश्या धुतल्या होत्या. त्या बश्यांत डॉक्टर लोक जंतू वाढवत. दादांचं शिक्षण सातवी नापास, पण धुता धुता माणूस सगळं बघत होता. निवृत्तीच्या वेळी हार-नारळ नको म्हणाले आणि मोडीत निघालेल्या बारा बश्या मागून घेतल्या. गावी येऊन त्यांनी 'शेती' सुरू केली.

शेती हा त्यांचाच शब्द. मटणाचं पाणी आणि चायना ग्रास कुकरमध्ये शिजवून बशीत थिजवायचं, ही जमीन. तिच्यावर काडीनं पू ओढायचा, ही पेरणी. मग माझ्या शाळेचा टीपकागद, माझ्याच शाळेच्या पंचानं पाडलेले त्याचे गोल तुकडे, एकेक तुकडा एकेका औषधात बुडवून त्या पेरणीवर ठेवायचा. ज्या तुकड्याभोवती काही उगवलं नाही, ते औषध कामाचं. बाकीची नुसती रंगीत.

"गावात कोनाले दोन एकर, कोनाले चार. मले बारा बश्या," ते म्हणत. "पन माहं पीक कधी बुडत नाइ, गुरुजी."

पुवाला कुणी घाण म्हटलेलं त्यांना खपत नसे. "घान काहून म्हनता? तुमच्याच अंगातले शिपाई हायेत थे, लढता लढता मेले. मान द्या त्यायले!" एकदा पारावर सोवळ्याओवळ्याची गोष्ट निघाली, तेव्हा दादा शांतपणे म्हणाले, "पाटलाच्या फोडातलं पेरलं, माह्या फोडातलं पेरलं. उगवलं सारखंच." त्यावर पाटील उठून गेले. पुढच्या गळवाला मात्र त्यांनी दादांनाच बोलावलं.

दादांचा खरा राग होता तो अर्धवट औषधावर. आमच्या गावात डॉक्टरनं दिलेल्या कॅप्सुली प्रसादासारख्या वाटल्या जात. दोन आजाऱ्याला, एक सासूच्या कंबरेला, एक वासराला. ताप उतरला की उरलेल्या फडताळात. हे कानावर आलं की दादा त्या घरासमोर उभे राहून ओरडत, "अर्धी गोळी म्हंजे जंतूले शाळा! तुमी त्यायले शिकवून राह्यले! उद्या थे औषधाले भेत नाइत!" मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, तुमच्या शाळेत पोट्टे नापास होतेत. या शाळेत एकही होत नाइ." आमच्या सातवीचा निकाल त्यांना पाठ होता.

असा माणूस शेजारी असून मी काय केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. थंडीच्या दिवसांत ज्वारी निघालेल्या शेतातून येताना धसकट पायात घुसलं. घरात शांताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, दाढदुखीतल्या तीन कॅप्सुली उरल्या होत्या. एक फोडून तिची पूड जखमेत भरली, दोन गिळल्या आणि दादांना कळू नये म्हणून आठ दिवस मोजा घालून हिंडलो.

नवव्या दिवशी पायाचा कोहळा झाला. तापानं फणफणलो. वाशीमच्या डॉक्टरांनी पाच दिवस पेनिसिलिन टोचलं, काही फरक नाही. ते म्हणाले, "परवा या. नाहीच उतरलं तर अकोल्याला पाठवतो. पाऊल कदाचित काढावं लागेल."

शांतानं रडत दादांना बोलावलं. दादांनी जखम पाहिली, काडी फिरवली, ती बाटलीत घातली आणि गेले. ते ओरडले नाहीत म्हणून मी खरा घाबरलो.

वाशीमला जायच्या दिवशी आमच्याबरोबर तेही एसटीत बसले. मांडीवर फडक्यात बशी. डॉक्टर वयानं तरुण. त्यांनी दादांच्या धोतराकडे पाहून विचारलं, "कुठं शिकलात?"

"शिकलो नाइ, सायेब. बश्या धुतल्या."

डॉक्टरांनी बशी उजेडात धरली. पाच तुकड्यांभोवती दाट पीक. पेनिसिलिनच्या तुकड्याला तर जंतू अगदी खेटून उगवले होते. सहाव्याभोवती रुपयाएवढं मोकळं रान. डॉक्टरांनी त्या तुकड्याच्या औषधाचं नाव दादांना विचारून घेतलं. मग दादांना बसायला खुर्ची दिली आणि चिठ्ठीवरचं औषध खोडून सहावं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, दहाव्या दिवशी मी पाऊल टेकलं. दादा बघायला आले, तेव्हा मी विचारलं, "दादा, या थंडीत पीक आलं कसं? नागपूरला तर बश्या ठेवायला गरम पेटी होती म्हणता."

ते ओशाळले. "कायची पेटी? बशीले चारी बाजूनं चिकटपट्टी मारली आन् धोतराच्या पट्टीनं पोटावर बांधली. मानसाच्या अंगाएवढीच ऊब लागते त्यायले. चुलीजवळ ठेवली तं मरतेत."

"किती वेळ?"

"दीड दिवस. आडवा नाइ झालो. झोपेत अंगाखाली फुटली असती तं तुमचा पाय गेला असता."

शांता म्हणाली, "आम्हाला तरी सांगायचं, दादा! दुसऱ्या कुणी घेतली असती थोडा वेळ."

"कोन घेईल, बाई? माही बायको पारबती गेली त्याले अकरा वर्सं झाले. घरात दुसरं अंग नाइ." मग हसत म्हणाले, "पन एक सांगू का? बरं वाटलं. दीड दिवस पोटाशी कोनीतरी होतं."

मी रडलो. शांता उठून चुलीशी गेली आणि दादांच्या नावाची भाकरी तिनं तव्यावर टाकली. आम्ही आसेगावात होतो तोवर ती रोज पडत राहिली.