चिंचखोरीचा उपाशी खड्डा

चैत्र संपता संपता चिंचखोरीच्या खतखड्ड्याने ग्रामपंचायतीकडे तोंडी तक्रार केली की, खणल्या दिवसापासून आपण उपाशी आहोत. ग्रामसेविका जगदाळे मॅडमनी ती खड्ड्याच्या काठावर उभं राहून शांतपणे ऐकून घेतली आणि "वर कळवते" असं सांगून त्या निघून गेल्या.

तक्रार खोटी नव्हती. ओल्या कचऱ्यापासून खत करायची योजना गावात आली, शाळेमागे खड्डा खणला गेला, घरटी एक हिरवी बादली वाटली गेली. फक्त एक गोष्ट विचारायची राहून गेली, ती म्हणजे चिंचखोरीत कचरा असतो का. भाजीची देठं शेळ्या खायच्या. शिळी भाकरी कुस्करून कोंबड्यांना, भांड्यांचं धुवण म्हशींना, आणि म्हशींचं शेण उकिरड्यावरून शेतात. जेवण झालं की ताटात पाणी फिरवून तेही पिऊन टाकणारी माणसं ती. पिढ्यान्‌पिढ्या कोंड्याचा मांडा करून जगलेल्या गावाला सरकारने उष्टं टाकायला खड्डा दिला होता. टकल्याला कंगवा द्यावा तसा.

वरून उत्तर आलं की, खड्ड्याची गैरसोय होता कामा नये. खड्ड्याला चालता येत नसल्याने ग्रामसभा त्याच्याच काठावर भरली. सरपंच नामदेव थोरव्यांनी घरून पुरणपोळ्यांचं ताट आणलं होतं. उपाशी पाहुण्याचं तोंड गोड करावं, एवढी रीत त्यांना होती.

"घरची माणसं जेवली का?" खड्ड्याने विचारलं. त्याचा आवाज आडात बोलल्यासारखा यायचा, पण शब्द स्वच्छ होते.

"अजून न्हाई. म्हटलं, आधी तुमास्नी."

"मग हे अन्न झालं. मला अन्न चालत नाही. माणसं जेवून जे उरेल तेच माझं."

"बरोबर आहे," जगदाळे मॅडम म्हणाल्या. "योजनेत तसंच आहे."

ताट परत गेलं. मग बऱ्याच वेळाने ठरलं की, उद्यापासून देठ, साल, धुवण, शिळं, जे काही असेल ते जनावरांपुढे न टाकता बादलीत टाकायचं आणि सकाळी खड्ड्याला नेऊन घालायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारचं काम म्हटलं की चिंचखोरीच्या माना आपोआप डोलतात, ही फार जुनी खोड आहे.

मागून एकच आवाज आला. "मग माझ्या म्हशीनं काय खायचं?"

ती सोजरबाई होती. ओढ्याकाठच्या घरात एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकी आपापल्या घरी सुखात होत्या, निदान तसं सांगत तरी होत्या. सोजरबाईच्या दावणीला हौशी नावाची एक म्हातारी म्हैस होती. हौशीचं दूध डेअरीत जायचं आणि त्यावर सोजरबाईच्या डब्यात पीठ यायचं. सासूने तिला एकच गोष्ट धाक घालून शिकवली होती, गोठ्यातलं तोंड उपाशी असेल तर चुलीपुढच्या तोंडाने घास घ्यायचा नाही. हौशीचं तोंड गव्हाणीत गेल्याशिवाय सोजरबाई आजवर पाटावर बसली नव्हती.

"जनावरांचा विषय आमच्याकडे येत नाही, मावशी," मॅडम मायेने म्हणाल्या. "त्यासाठी वेगळा विभाग आहे."

"त्यो कुटं बसतो?"

"चौकशी करून सांगते."

त्या वर्षी वैशाखात डोंगरावर गवताची काडी नव्हती आणि कडबा होळीलाच संपला होता. शहाण्यांनी आपल्या शेळ्यांना बाजार दाखवला. हौशीला कुणी घेतलं नसतं आणि सोजरबाईने दिलंही नसतं. तिने पदराखाली कलिंगडाची साल लपवून घरी नेली. पण खड्डा रस्त्याकडेलाच होता आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं.

"सोजरबाईंच्या बादलीत साल नाही," सकाळी तो म्हणाला. "काल त्या कलिंगडाची साल घेऊन इथूनच गेल्या."

बादल्या तपासायला ग्रामसभेने नेमलेल्या समितीची दोन माणसं गेली. त्यांनी गव्हाणीतून साल उचलली. हौशीने तिच्यावर नुकतंच नाक टेकवलं होतं. माणसं ओळखीची, तिच्याच दुधाचा चहा प्यालेली, त्यामुळे ती काही बोलली नाही. सोजरबाई मात्र बोलली. तिने त्यांच्या मागच्या-पुढच्या सगळ्यांचा उद्धार केला. त्यांनी तो खाली मान घालून ऐकला आणि साल घेऊन गेले.

दुपारी ती तडक खड्ड्यावर गेली.

"का रं बाबा, माझ्या मुक्या जिवाच्या वाइटावर का उठलास?"

"मी कुठे उठलो, बाई? मला खणलं. खणून कुणी विचारलं नाही. भरल्याशिवाय मला बुजवता येत नाही आणि बुजवल्याशिवाय मला झोप नाही. दिवसभर वर बघत पडायचं. तुमची म्हैस निदान डोळे तरी मिटते."

सोजरबाई भांडायला आली होती, पण उपाशी जिवाशी भांडायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा जीव कळवळला, आणि तिथेच ती हरली. दुसऱ्या दिवसापासून ती लपवालपवी न करता बादली भरून नेऊ लागली. हौशीला नुसतं पाणी पाजायची, तिच्या कपाळावरून हात फिरवायची आणि स्वतःही तेवढ्यावरच राहायची. सासूचा शब्द होता. अगदीच चक्कर आली तर चिमूटभर पीठ पाण्यात कालवून घ्यायची आणि गुन्हा केल्यासारखं तोंड पुसायची.

दूध आधी आटलं. मग हौशी बसली ती उठली नाही. वेगळ्या विभागाची चौकशी अजून चालूच होती.

हौशी गेली तेव्हा सोजरबाई गोठ्यात मोठ्याने रडली. बांधावर खड्डा करून, मीठ घालून तिला पुरावं, असं तिच्या मनात होतं. पण समितीने बघितलं आणि सांगितलं की, मेलेलं जनावर ओल्या कचऱ्यात मोडतं. अर्ध्या गावाने हातभार लावून हौशीला शाळेमागे नेलं.

"घरची माणसं जेवली का?" खड्ड्याने विचारलं.

सोजरबाई काही बोलणार, तेवढ्यात सरपंच म्हणाले, "जेवली, जेवली. घ्या तुम्ही."

तपासणीला साहेब लोक आले तेव्हा खड्ड्याने सुधारणा असल्याचं सांगितलं. योजनेत चिंचखोरीचा नंबर आला. शाळेसमोर मांडव पडला, सत्कार झाले. पहिल्या खताचं पोतं सोजरबाईला मिळालं, कारण सगळ्यात मोठा वाटा तिचाच होता. ते गवताला फार चांगलं, असं मॅडमनी सांगितलं. सोजरबाईने पोतं ओसरीत ठेवलं. गवत करून ते घालायचं कुणाला, हे विचारायचं तिच्या जिवावर आलं. विचारलं असतं तर तो प्रश्नही कुठल्यातरी विभागाकडे गेला असता.

खड्डा मात्र भरला नव्हता. त्याची भूक आता उघडली होती. पावसाळा तोंडावर आला, तेव्हा त्याने वर छप्पर मागितलं. मागणी रास्त होती. गावात रिकामा गोठा एकच होता.

खड्डा हलवायला चार माणसं लागली. दोघांनी पुढून धरलं, दोघांनी मागून, आणि गल्लीतून जपून, काठ न ढासळू देता त्याला ओढ्याकडे नेलं. बायका दारात उभ्या राहिल्या. पुरुषांनी सवयीने टोप्या काढल्या. शाळेमागे सपाट जमीन राहिली, तिथे दुसऱ्या दिवशी मुलांनी क्रिकेट मांडलं. गोठ्यात, गव्हाणीसमोर, खड्डा अगदी मापात बसला.

"काही अडचण नाही ना, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," सोजरबाई म्हणाली. नाहीतरी गोठा तिला खायला उठत होता.

सकाळी ती सवयीने धारेच्या वेळी उठली. चूल पेटवली. डबा पालथा करून, बुडाला टिचक्या मारून जेवढं पीठ पडलं त्याची एक भाकरी झाली. डेअरीचा रस्ता बंद झाल्यावर डब्यात परत काही येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. भाकरी ताटात घेऊन ती बसली आणि तुकडा मोडला.

"बाई," गोठ्यातून आवाज आला. "उठलात का? रात्रभर पोटात काही नाही हो."

सोजरबाईचा हात थांबला. तुकडा तोंडापर्यंत गेलाच नाही. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. ती उठली, ताट घेऊन गोठ्यात आली आणि काठावर उकिडवी बसली.

खड्ड्याने भाकरीकडे बघितलं. "ही तर सगळीच्या सगळी आहे."

"उरलीया."

"तुम्ही जेवलात?"

आजवर तिला कुणी हे इतक्या काळजीने विचारलं नव्हतं.

"जेवले की," सोजरबाई म्हणाली. "पोटभर जेवले. खा तू." आणि तिने भाकरी चतकोर चतकोर मोडून, घाई न करता, एकेक तुकडा आत सोडला.